बक्षीस तिचं, मग 'आम्ही' कोण?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बारावी सायन्सला. करवंटीच्या कोळशाने क्रोम प्लेटिंगच्या पाण्यातलं क्रोमियम काढायचा तिचा प्रकल्प जिल्ह्यात पहिला आला. आता 'आम्ही' पेटंट घेणार, 'आम्ही' प्लँट टाकणार, कॉलेजप्रवेश वर्षभर लांबणीवर. तिच्याबद्दल एकच वाक्य, तेही तक्रारीचं: "टेस्टिंगचा कंटाळा करते, मामाच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पिंप कापत बसते."

कोळशाचं नंतर बघू. एफडी मोडायची तयारी तुम्ही कौतुकापोटी दाखवली असेल, पण सतरा वर्षांच्या पोरीला ते कर्ज वाटतं. उद्या प्लँट बुडाला तर तुम्ही काहीही बोलला नाहीत तरी ती जेवताना मान खाली घालणार. आणि तिला हे सगळं हवंय का, ते पत्रात कुठेच नाही.

आता कोळसा. "जांभळा रंग येईनासा झाला, म्हणजे क्रोमियम गेलं" असं तुम्ही लिहिता. नाही हो! डायफेनिलकार्बाझाइड या रसायनाची ती चाचणी फक्त हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, दाखवते. आम्लयुक्त पाण्यात कोळसा त्यातल्या बऱ्याच भागाचं ट्रायव्हॅलंट या दुसऱ्या रूपात रूपांतर करतो. ते कमी विषारी असतं, पण पाण्यातच राहू शकतं आणि या चाचणीत दिसत नाही. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला म्हणूनच दोन मर्यादा आहेत: हेक्झाव्हॅलंट लिटरला ०.१ मिलिग्रॅम, एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम. एकूण मोजायला वेगळी तपासणी लागते, बहुधा प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनच्या (धातू मोजणाऱ्या) यंत्रावर. आणि जे क्रोमियम कोळशाला चिकटलं, ते कोळशातच बसलेलं असतं. तो उकिरड्यावर टाकता येत नाही. पेटंटचं म्हणाल तर करवंटीचा कोळसा आणि क्रोमियम यावर शोधनिबंधांचा ढीग आहे. जगजाहीर गोष्टीला पेटंट मिळत नाही.

माझ्या मते पत्रातली खरी बातमी तुम्ही कंसात टाकलीत: तिने तीन वेळा पिंप बदलून, हवेची भोकं कमी करत, भट्टीत राख न होता कोळसा होईल असं जमवलं. हे रसायनशास्त्रापेक्षा भट्टी बांधणाऱ्याचं डोकं आहे. एमएचटी-सीईटी देऊन मेकॅनिकल किंवा केमिकल बघा. मार्क कमी पडले तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, त्यात कमीपणा नाही.

एफडी राहू द्या. हे उत्तर तिला वाचायला द्या, आणि पुढचं पत्र तिलाच लिहू दे. तिसऱ्या पिंपाचं झाकण तिने कसं बसवलं, ते मला विचारायचंय.