माशाचा ठसा कागदावर कसा उमटतो?

प्रश्न : जपानमध्ये माशाला शाई लावून त्याचा ठसा घेण्याची कला आहे, असे वाचनात आले. तिचा उगम कशात आहे? ठसा कसा घेतात? आपल्याकडच्या तांबोशीवर तो घेता येईल का, आणि नंतर मासा खाता येतो का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : या कलेला ‘ग्योताकु’ म्हणतात. छायाचित्रण रुळण्यापूर्वी, पकडलेल्या माशाची नोंद ठेवण्यासाठी तिचा वापर होऊ लागला. आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या ठशांपैकी एक 1839 सालचा असून तो एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, पकडलेल्या फुना या गोड्या पाण्यातील माशाचा आहे. तो त्सुरुओका येथे जपून ठेवला आहे. हे शहर पूर्वीच्या शोनाई संस्थानातले. तेथे सामुराईंना मासेमारीसाठी प्रोत्साहन दिले जात असे. ठशावर मासा पकडल्याची तारीख, ठिकाण आणि पकडणाऱ्याचे नाव लिहिण्याची पद्धत आहे.

ठशाचे खरे यश शाई लावण्याआधीच ठरते. माशावरचा बुळबुळीत थर मीठ चोळून पूर्ण काढावा लागतो, कारण तो जरा जरी राहिला तरी शाई खवल्यांवर न बसता ओघळते. मग अंग टिपून कोरडे करतात, कल्ल्यांतून पाणी झिरपू नये म्हणून आत कागदाचे बोळे घालतात आणि पर टाचण्यांनी पसरवून ठेवतात. शाईचा पातळ हात फिरवून वर ‘वाशी’ हा चिवट जपानी कागद ठेवायचा आणि बोटांनी डोक्याकडून शेपटीकडे हलकेच दाबत जायचे. कागद सरकला की ठसा बिघडलाच. या पद्धतीत चित्र उलटे उमटते. दुसऱ्या पद्धतीत ओलसर कागद आधी माशावर चिकटवतात आणि रेशमात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने वरून शाई टिपतात. ती सावकाशीची असली तरी बारकावे तिच्यातच अधिक नाजूक येतात, असे आमचे मत आहे. डोळा मात्र दोन्ही पद्धतींत शेवटी कुंचल्याने रंगवतात. पोटाचा फुगवटा कागदावर सपाट होत असल्याने मासा किंचित रुंद दिसतो, लांबी मात्र बरीचशी खरी राहते.

तांबोशी या कामाला उत्तम आहे, कारण तिचे खवले मोठे आणि ठसठशीत असतात. बारीक खवल्यांच्या बांगड्यावर तेवढी नक्षी उमटणार नाही. पारंपरिक शाई काजळी आणि सरस यांची असते, त्यामुळे मासा लगेच धुऊन, कातडी काढून खाण्याची रीत आहे. ॲक्रिलिक रंग वापरल्यास मात्र तो मासा खाऊ नये. तसेच ठशासाठी तो बर्फाबाहेर फार वेळ ठेवू नये.