सात वर्षांचा नातू आठवडाभर एकटाच राहायला येतोय, त्याला शहर कसं दाखवू?

तुम्ही लिहिलंय की नातवाचे आईबाबा सोबत नसतील, तुमचे गुडघे अधूनमधून त्रास देतात, आणि यादीत अकरा ठिकाणं आहेत, शिवाय एक दिवसभराची सहल. आधी यादीतली निम्मी ठिकाणं खोडून टाका. दिवसाला एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी. दुपारनंतर जे जमेल ते जमेल.

माझ्या नातीला घेऊन मी फिरतो तेव्हा निघायची वेळ सगळ्यात शेवटी ठरते. आधी ठरते ती परत यायची. सहा वाजले की तिला भूक लागलेली असते आणि डोळेही मिटायला लागतात, म्हणजे साडेपाचला घरात हवं. तिथून मागे मोजत यायचं: परतीचा प्रवास, थोडं टेकणं, जेवण. जो वेळ उरतो तो पाहण्याचा. बहुतेक वेळा अडीच-तीन तासच हाती लागतात, आणि तेवढे पुरतात. हे गणित मुलाइतकंच आपल्यासाठीही आहे. मूल दमलं तर फतकल मारून बसतं, आपण दमलो की चिडचिड करतो.

संग्रहालयात मुलं कंटाळतात हे मला फारसं पटत नाही. एका दालनातून दुसऱ्या दालनात फरफटत नेलं तर कोणीही कंटाळेल. आत गेल्यावर पाट्या वाचत बसू नका, आधी तिथल्या विक्रीच्या काउंटरवर जा आणि नातवाला तीन पोस्टकार्डं निवडू द्या. त्याने निवडायची, तुम्ही नाही. मग त्या तीन वस्तू शोधायच्या. माझी नात सरळ पहारेकऱ्यापुढे कार्ड धरते आणि विचारते, "हे कुठंय?" वस्तू सापडली की कार्ड काचेला टेकवून तपासणी सुरू होते: रंग तोच आहे का, मूर्तीचा तुटलेला कान कार्डावर दिसतो का. कार्डावर ताटाएवढी वाटलेली वस्तू प्रत्यक्षात नखाएवढं नाणं निघते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो. पोस्टकार्डं मिळत नसतील तर संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचे तीन फोटो आदल्या रात्री फोनवर घेऊन ठेवा. तिन्ही सापडलं की बाहेर पडायचं. तिकिटाचे पैसे वसूल करायचा सोस फक्त मोठ्यांना असतो.

सुट्टीचा वार मात्र आधी बघून घ्या. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण सगळी नाही. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं. प्राणिसंग्रहालयात दार उघडतानाच पोचा. सिंह दिवसाचे १६ ते २० तास लोळण्यात घालवतो, दुपारी गेलात तर त्याची पाठच दिसेल. शिवाय ऊन १० ते ४ या वेळात सगळ्यात कडक असतं.

दिवसभराच्या सहलीत प्रवास हीच अर्धी मजा असू द्या. फेरीबोट, ट्राम, दुमजली बसची वरची पुढची जागा, यातलं काही मिळत असेल तर ठिकाण साधं असलं तरी चालतं. दोन ते बारा या वयात गाडी लागण्याचा त्रास सगळ्यात जास्त होतो. डोळे फोनवर खिळलेले असतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मात्र हलत असल्याचं कळवतो, त्या गोंधळात मळमळतं. म्हणून बस किंवा मोटारीत फोन हातात देऊ नका, समोर लांबवर बघायचे खेळ खेळा. मोटारीने जाणार असाल तर त्याला मागच्या सीटवर, उंचीला योग्य अशा बूस्टर सीटवर बसवा.

घरातून निघताना दारातच त्याचा एक फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. गर्दीत चुकामूक झाली तर "शर्ट बहुतेक निळा होता" म्हणण्यापेक्षा फोटो दाखवणं बरं. तुमचा मोबाइल नंबर (आईबाबांचा नव्हे, ते लांब असतील) चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात ठेवा. त्याला दोनच गोष्टी पढवा: आहेस तिथेच थांब, आणि गणवेशातल्या कर्मचाऱ्याला किंवा मुलांसोबत असलेल्या एखाद्या बाईला सांग. त्याची ॲलर्जी, औषधं आणि गरज पडल्यास उपचारांना संमती, एवढं आईबाबांकडून सहीनिशी लिहून घ्या. सहल देशाबाहेरची असेल तर दोघांच्या सहीचं संमतिपत्र जवळ असू द्या, सीमेवर विचारू शकतात.

आता तुमच्याविषयी. रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी घेत असाल तर सहलीच्या दिवशी ती परस्पर चुकवू नका (आपल्या वयाची बरीच मंडळी चुकवतात). वेळ पुढेमागे करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. कुठेही पोचलात की आधी स्वच्छतागृह आणि बाकडी कुठे आहेत ते बघून ठेवा.

ज्याचं आगाऊ तिकीट काढावं लागतं ते ठिकाण तिसऱ्या-चौथ्या दिवसावर टाका. पहिल्या दिवशी घराजवळचंच काहीतरी बघा. तो किती चालतो, किती वेळाने भुणभुण सुरू करतो आणि तुमचा गुडघा काय म्हणतो, हे त्या एका दिवसात कळेल. बाकीचे दिवस त्यानंतर आखा.