वाचकांचे प्रश्न : फाशीचा कौल आणि कोर्टावरचा भरवसा

प्रश्न : अमेरिकेत फाशीच्या बाजूने गोरे ६३ टक्के आणि कृष्णवर्णीय ४९ टक्के, असं वाचलं. म्हणजे कृष्णवर्णीय गुन्हेगारांबाबत मवाळ आहेत का? असा सर्व्हे आम्हाला तालुक्यात करता येईल का?
– एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : मवाळ मुळीच नाहीत. हे आकडे प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या पाहणीतले. तिथेच आणखी एक प्रश्न होता : सारख्याच गुन्ह्याला कृष्णवर्णीयांना फाशी होण्याची शक्यता जास्त असते का? कृष्णवर्णीयांतले ८५ टक्के ‘हो’ म्हणाले, गोऱ्यांतले ४९. खरी दरी इथे आहे, कोर्टावरच्या भरवशात. आणि तो भरवसा उगाच उडालेला नाही. जॉर्जिया राज्यातल्या खटल्यांच्या अभ्यासात, खून झालेली व्यक्ती गोरी असली की फाशीची शक्यता ४.३ पट दिसली होती. १९८७ मध्ये मॅक्लेस्की या फाशी झालेल्या कृष्णवर्णीय कैद्याच्या खटल्यात हा अभ्यास अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे आला, तरी ५ विरुद्ध ४ मतांनी त्याची शिक्षा कायम राहिली.

सर्व्हे जरूर करा, पण आधी प्रश्न घासूनपुसून घ्या. २०१९ मध्ये गॅलप या जनमत चाचणी संस्थेने अमेरिकेत नुसतं ‘खुन्याला फाशी हवी का?’ विचारलं तर ५६ टक्के ‘हो’ म्हणाले. ‘फाशी की सुटका नसलेली जन्मठेप?’ विचारल्यावर फाशीला ३६ टक्केच उरले. म्हणून दोन्ही प्रश्न ठेवा, आणि ‘नराधम’ असले शब्द कटाक्षाने टाळा. अहिराणीत विचारणार असाल तर वाक्य आधी कागदावर पक्कं करा, नाहीतर प्रत्येक जण आपापल्या परीने फिरवतो.

पारावर चारचौघांत विचारू नका. पहिला जे बोलेल तेच बाकीचे बोलतात. २०२० मध्ये प्यूला फोनवर ५२ टक्के आणि ऑनलाइन ६५ टक्के पाठिंबा मिळाला होता. माणसाशी बोलताना उत्तर बदलतं ते असं. चिठ्ठी द्या, घडी घालून बंद डब्यात टाकू द्या. वाचता न येणाऱ्यांसाठी दोन रंगांच्या चिठ्ठ्या ठेवा.

नावं मतदार यादीतून काढा : १,२०० नावांतून ६० हवीत तर दर विसावं. घर बंद असेल तर पुन्हा जा, शेजारचं घर धरू नका.

सगळ्यात जास्त चूक होते ती गटांच्या तुलनेत. समजा, एकूण ४०० जणांत भिल्ल समाजाचे ४० च आले, तर त्यांच्या आकड्यात १५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. वरच्या ६३ आणि ४९ सारखा १४ टक्क्यांचा फरक भरवशाने दिसायला प्रत्येक गटात निदान २०० माणसं लागतील.