जुनी लाकडी शर्यतीची होडी मिळाली आहे, फायबरने मढवून घ्यावी का?

तुम्ही विचारलंय ते असं: निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मामांनी कित्येक वर्षं ठेवलेली तेरा फुटी लाकडी शिडाची होडी तुमच्याकडे आली आहे. शिडं निळी आहेत, तळाला दोन ठिकाणी अंगठा दाबला की लाकूड आत जातं, आणि जो तो सांगतोय की फायबरने मढवून टाका. मढवावी का, आणि मग ती बेळगावजवळच्या हिडकल धरणाच्या पाण्यावर चालवता येईल का?

मढवू नका. आधी हे सांगतो, कारण माझी पहिली होडी मी याच सल्ल्याने घालवली. तळावर काचतंतूंची (फायबरची) चटई आणि ती चिकटवणारं रेझिन असे दोन थर चढवले, वरून रंग दिला, नवीकोरी दिसत होती. दोन पावसाळ्यांनंतर आतून पाहिलं तर प्लायवुड काळं पडून हातात चुरा होऊन येत होतं. साधं पॉलिस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही. लाकूड फुगतं, आक्रसतं, आणि वरच्या कवचाला बारीक भेगा पडतात. शिवाय होडीच्या आतून झिरपलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरत नाही. वजनाचं तर विचारूच नका. साडेचारशे ग्रॅमची चटई रेझिन पिऊन चौरस मीटरमागे सुमारे दीड किलो होते. तळ आणि बाजू मिळून सात चौरस मीटर धरले तर एका थराचे दहा किलो. ज्या होडीचं अंगच नव्वद-पंच्याण्णव किलोचं, तिच्यावर असे दोन थर दिले की ती शर्यतीची होडी राहत नाही.

वर्णनावरून ती एंटरप्राइज या वर्गातली, दोघांनी चालवायची शर्यतीची होडी दिसते. शिडावर ई अक्षर असेल तर नक्कीच. जॅक होल्ट या इंग्रज होडी-आराखडाकाराने १९५६ मध्ये हिचा आराखडा केला, न्यूज क्रॉनिकल या इंग्रजी वर्तमानपत्राच्या पुढाकाराने. घरच्या घरी प्लायवुड कापून बांधता यावी, हाच हेतू होता, म्हणून तिचा तळ गोल नाही, दोन्ही बाजूंना दोन-दोन कोन आहेत. आपल्याकडेही ती खूप चालली. १९८२ च्या आशियाई खेळांत शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या, त्यात एंटरप्राइज हा एक वर्ग होता. (भारताला सुवर्ण मिळालं ते फायरबॉल या दुसऱ्या वर्गात, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांना. तीही प्लायवुडचीच होडी.) घरी बांधता येते याचा अर्थ घरी दुरुस्तही होते.

आता कुजलेलं कुठे शोधायचं. अनेकांना वाटतं समुद्राचं पाणी लाकूड खातं. उलट आहे. मीठ बुरशीला आवरतं, गोडं पाणीच लाकूड कुजवतं, आणि त्यातही साचलेलं पावसाचं पाणी. म्हणून इतकी वर्षं वखारीत कोरडी पडून राहिली हे तुमचं भाग्य. पेचकसाच्या मुठीने सगळीकडे हलकेच ठोका. निरोगी प्लायवुड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द बोलतं. मागच्या फळीचे खालचे कोपरे, डोलकाठी जिथे टेकते ती जागा, होडी बुडू न देणाऱ्या हवाबंद पेट्यांचे आतले कोपरे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सेंटरबोर्डची (पाण्यात खाली सोडायच्या फळीची) पेटी जिथे कण्याला, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाला, मिळते तो सांधा. शंभरातल्या नव्वद गळत्या मला तिथेच सापडल्या असं म्हणालो तरी चालेल. खडूने खुणा करा आणि दोन महिने सावलीत, वारा खेळेल अशी ठेवा. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली गेला की बुरशीची वाढ थांबते.

मग माणूस शोधा. फर्निचर करणाऱ्या सुताराकडे लगेच जाऊ नका. बेळगावात इतक्या फाउंड्रीज आहेत, त्यांच्यासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारे जुने कारागीर अजून आहेत. वळणदार आकार, अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून होणारा पक्का गोंद), सगळं त्यांच्या हातातलं. माझ्या दुसऱ्या होडीला असेच एक मामा लाभले. आयुष्यात कधी होडीत बसले नव्हते. अर्धा तास ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "हे लाकूड मेलं नाही की ओ. चार ठिकाणी दुखतंय, तेवढंच काढू." तेवढंच काढलं.

कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचा आणि तुकडा तिरप्या सांध्याने बसवायचा. जाडीच्या आठपट उतार, म्हणजे सहा मिलिमीटर प्लायला ४८ मिलिमीटर. हा उतार दोन्हीकडे रंध्याने काढायला एक दिवस जातो, पण सांधा पुढे दिसतही नाही आणि तुटतही नाही. प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचं मरीनच घ्या. शिक्क्यावरही विसंबू नका, वीतभर तुकडा घरी उकळून बघा. मानकात ७२ तासांची उकळ आहे, पण बनावट माल एका दिवसातच पापुद्रे सोडतो. आतल्या पट्ट्या बदलायच्या असतील तर शिवण झाडाचं लाकूड वापरा. हलकं, सहज न कुजणारं, आपल्या खानापूरच्या बाजूचं लाकूड. सागवान वापरलंच तर चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसून घ्या, त्यातलं तेल इपॉक्सीला धरू देत नाही.

इपॉक्सीचं काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत संपवा. पावसाळी हवेत वर मेणचट थर येतो. तो पाण्याने आणि घासणीने निघतो, थिनरने नाही, आणि न काढता दुसरा हात दिला तर तो सोलून येतो. उन्हाळ्यात उलट, वाटीतच तापून धूर येतो. हार्डनर वजनावर मोजा. लवकर सुकावं म्हणून जास्त घालू नका, कायमचं मऊ राहतं. फटी भरायला गिरणीतला भुसा मलमलीतून चाळून मिसळला की झालं. शेवटी वरून चांगलं पॉलियुरेथेन वार्निश हवंच, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. स्क्रू स्टेनलेसचे. जुने पितळी गुलाबी दिसत असतील तर त्यातलं जस्त निघून गेलंय, नखाएवढा जोर दिला तरी तुटतील, सगळे बदला.

हिडकलचं म्हणाल तर आधी पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी काढा. अर्ज कन्नडमध्ये द्या, लवकर हलतो. राकसकोप तलावाचा विचारही करू नका, ते बेळगाव शहराचं पिण्याचं पाणी आहे. हिडकलवर पाणी भरपूर असताना सुरुवात करा. उन्हाळ्यात पातळी उतरली की धरणात बुडालेल्या हुन्नूर गावचं विठ्ठलाचं देऊळ बाहेर येतं, म्हणजे पाण्याखाली काय काय आहे ते ओळखा. सेंटरबोर्ड एखाद्या भिंतीवर आदळला तर पेटीचा तोच सांधा पुन्हा उखडेल. लाइफ जॅकेट दोघांनाही, आणि पहिल्याच दिवशी किनाऱ्याजवळ मुद्दाम उलटी करून सरळ करायला शिका.

या पावसाळ्यात मात्र काहीच करू नका. दोन ठोकळ्यांवर पालथी ठेवा, हवाबंद पेट्यांची झाकणं उघडी ठेवा, ताडपत्री टाकायचीच असेल तर लाकडाला चिकटू देऊ नका. खडूच्या खुणांचे फोटो इथे टाका, कुठून कापायचं ते मी बघून सांगतो.