घरच्यांसोबत लाकडी खेळणी करून विकायची म्हणताय?

उत्साह छान आहे, पण पहिल्याच महिन्यात पंचवीस नमुने काढू नका. चार-पाच खेळणी निवडा आणि त्यांवर हात बसू द्या.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, ओल ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास. आमची पहिली चाकं ओलसर फळीची होती. महिन्याभरात तडकली आणि सगळा माल परत आला. घासताना आधी १२० नंबरचा काचकागद, मग १८०, मग २४०. मध्ये एकदा ओलं फडकं फिरवा. उभे राहिलेले तंतू वाळल्यावर पुन्हा घासा. हे कंटाळवाणं काम टाळलं, की मुलाच्या लाळेनं खेळणं खरखरीत होतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिमी व्यासाच्या तपासणी-नळीत (साधारण लहान मुलाच्या घशाएवढी नळी) अख्खा मावेल असा सुटा भाग नकोच, तो घशात अडकू शकतो. आणि खेळण्यांना जवसाचं तेल लावलंत, तर ती तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात! पसरून वाळवा. घासकाम राहत्या खोलीत नको, मास्क हवाच.

घरात भांडणं होतात ती हिशेबावरून. कोणी किती तास रंगवलं, पॅकिंगला कोणाची संध्याकाळ गेली, सगळं वहीत मांडा आणि किमतीत धरा. 'घरचंच तर आहे' म्हणत आम्ही दोन वर्षं मजुरी शून्य धरली होती. नफा दिसायचा, हातात काही उरायचं नाही.

कामागणिक शेवटचा शब्द एकाचाच ठेवा. आमच्याकडे रंगाचं धाकटी बहीण ठरवते, मला पटो न पटो.