काच नंतर, आधी जिना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

इंदूरच्या राजवाड्यामागच्या प्लॉटचा नकाशा मिळाला. १५ फूट रुंद, ५० फूट खोल, वर चार मजले. एलेव्हेशनच्या, म्हणजे दर्शनी बाजूच्या, काचेवर बरीच मेहनत घेतलीस आणि जिना उरलेल्या कोपऱ्यात कोंबलास. असल्या उभ्या घरात पहिली रेघ जिन्याचीच ओढायची.

हिशोब कर. मजल्याची उंची साडेदहा फूट, म्हणजे ७ इंची १८ पायऱ्या. पाऊल ठेवायला १० इंच, रुंदी ३ फूट, मधे एक वळण. साधारण १३ फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद जागा जाते. भिंती वजा करून हातात साडेतेरा फूट रुंदी. निम्मी जिन्याने खाल्ली! उरलेल्या सातातले चार फूट शेजारी तळापासून माथ्यापर्यंत मोकळ्या चौकाला दे, तीन ये-जा करायला. चौकाच्या माथ्यावर झडपा ठेव. तापलेली हवा वर चढून तिथून निघून जाते आणि खालून गार हवा ओढली जाते. माळव्यात उन्हाळ्यातही रात्र निवते, म्हणून झडपा रात्री उघड्या, दिवसा बंद. हे घरच्यांना नीट समजावून सांग, नाहीतर पहिल्याच मे महिन्यात एसीवाला भिंतीला भोक पाडून जाईल.

त्या घरच्या आजींची खोली तळमजल्यावर, हे सांगायला नकोच. लिफ्ट आज परवडत नसेल तर प्रत्येक स्लॅबमध्ये एकाखाली एक ५ बाय ५ फुटांचं भोक आत्ताच सोड. तूर्त वर फळ्या टाकून कपाटं ठेवा.

राजवाड्याचे सात मजले तू रोज बघतोस: खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. जड खाली, हलकं वर. १९८४ च्या आगीत त्या लाकडाचं काय झालं ते माहीत आहेच, तेव्हा लाकूड नको. वर हलके ब्लॉक वापर. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया तिच्याखाली मुरमापर्यंत ने.

शेजारच्या जुन्या भिंतीलगत सलग चर खणू देऊ नकोस. चार-चार फुटांचे तुकडे, एक आड एक. भरलेला पक्का झाला की मधला. ठेकेदार कुरकुरेल, कुरकुरू दे. आणि कुदळ मारण्याआधी त्या भिंतीच्या भेगांचे फोटो काढून शेजाऱ्यांची सही घे.

रविवारी पोहे खायला ये, जिन्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, घेऊन. एलेव्हेशन आणलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
काका