कुनमिंगच्या भाजीबाजारात जाणार असाल तर

चीनच्या युन्नान प्रांताच्या या राजधानीत एकच दिवस हाताशी असेल, तर तो च्वानशिन बाजाराला द्यावा आणि सकाळी लवकर निघावे, कारण उत्तम माल दुपारपर्यंत उरत नाही. पाटीवरचा भाव बहुधा किलोचा नसून ‘जिन’चा, म्हणजे 500 ग्रॅमचा असतो, हे ध्यानात ठेवले नाही, तर हिशेब हमखास चुकतो. पैसे विक्रेत्याचा क्यूआर कोड स्कॅन करूनच देण्याची रीत असल्याने अलीपे किंवा वीचॅट या चिनी मोबाइल अ‍ॅपला आपले कार्ड निघण्यापूर्वीच जोडून घ्यावे, थोडी रोख रक्कमही जवळ असावी.

पावसाळ्यात तिथे रानअळंब्यांचे ढीग लागतात. त्यांतली कापताच निळी पडणारी ‘ज्यानशौछिंग’ पुरती शिजली नाही तर विषबाधा होते, भासही होतात. म्हणून ती विकत घेऊन खोलीवर शिजवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा आणि जाणत्या खानावळीतच खावी. शाकाहारी मंडळींनी ‘रूबिंग’ अवश्य शोधावे. शेळीच्या दुधाचे हे पांढरे, घट्ट चीज आपल्या पनीरसारखेच तव्यावर न वितळता खरपूस भाजले जाते. मात्र तयार पदार्थांत डुकराची चरबी वापरलेली असू शकते, तेव्हा आपला प्रश्न चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवून तो प्रत्येक ठिकाणी दाखवावा. चव पाहायला मिळाली, तर संकोच करू नये. पण मऊ फळे दाबून पाहू नयेत, विक्रेत्यांना ते मुळीच खपत नाही.